दीव बेटावरील तीन ख्रिस्तमंदिरें

घर जुनें झालें म्हणजे घरांतील माणसांचे दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांचें म्हणणें असें कीं, पूर्वजांनीं बांधलेल्या वास्तूचा दगडहि हलवितां कामा नये. तरुण म्हणतात, ज्या वाड्यांत राहावयाला माणूस उरलें नाहीं त्याला कुलूप लावून काय साधणार? आमच्या घरीं गेल्या दिवाळींत गांवाकडील वाड्याविषयीं असाच वाद झाला. थोरल्या काकांना वाडा आहे तसा ठेवावयाचा होता. पुतण्यांना त्याची ओसरी व सोपा गांवच्या वाचनालयाला द्यावयाचा होता. आणि ज्यांनीं आपलीं चाळीस वर्षें तेथील चुलीपुढें काढलीं, त्या आमच्या काकूंना मात्र कोणी विचारलेंच नव्हतें. शेवटीं त्या आपण होऊन म्हणाल्या, "कोणाला द्यावयाचा तो द्या, पण देवघरांत दिवा लागला पाहिजे." बोलणें तेवढ्यावरच थांबलें.

पुढें दीव बेटावरील तीन जुन्या ख्रिस्तमंदिरांची हकीगत वाचण्यांत आली आणि काकूंचें तें वाक्य पुनःपुन्हा आठवूं लागलें. देव निराळा, धर्म निराळा, मुलूख निराळा. पण प्रश्न अगदीं तोच होता. ज्यांच्यासाठीं वास्तु बांधली तीं माणसें गेल्यावर त्या वास्तूचें काय करावें? एकाच लहानशा गांवांत या प्रश्नाचीं तीन निरनिराळीं उत्तरें मिळालेलीं आहेत, म्हणून ही हकीगत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

दीव हें सौराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्याला लागून असलेलें बेट. मुख्य भूमीपासून एका अरुंद खाडीनें तें वेगळें झालेलें आहे. लांबी सुमारें ११ किलोमीटर, रुंदी तीनच्या आसपास. पण अरबस्तान, आफ्रिका आणि गुजराथ यांच्या व्यापाराच्या वाटेवरच तें बसलेलें असल्यामुळें एवढ्याशा बेटासाठीं मोठमोठ्या सत्ता झगडल्या. १५०९ च्या फेब्रुवारींत पोर्तुगीज आरमारानें ईजिप्तचा सुलतान व गुजराथ यांच्या एकत्रित आरमाराचा येथें पराभव केला. पुढें मोंगलांच्या भीतीनें गांजलेल्या गुजराथच्या बहादूरशहानें १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली आणि १५३५ मध्यें दीव येथें किल्ला बांधण्याची त्यांना परवानगी दिली. म्हणजे आपली वसई आणि दूरचें दीव हीं एकाच राजाच्या अडचणींतून पोर्तुगीजांच्या पदरीं पडलेलीं भावंडेंच म्हणावयाचीं. पुढें त्यांचीं नशिबें मात्र वेगळालीं झालीं, तें ओघानें येईलच.

किल्ला मिळाला खरा. पण तो सुखासुखीं पचला नाहीं. १५३७ मध्यें बहादूरशहा दीवच्याच समुद्रांत मारला गेला, आणि त्यानंतर १५३८ व १५४६ असे दोन मोठे वेढे पडले. दुसऱ्या वेढ्यानंतर तटबंदी नव्यानें उभारावयाची तर खजिन्यांत पैसा नव्हता. तेव्हां दों जुआंव द काश्त्रु या गव्हर्नरानें गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितलें आणि तारण म्हणून आपल्या दाढीचे केस पाठविले, ही कथा प्रसिद्ध आहे. वास्तु उभी करणें हें त्या काळीं किती प्रतिष्ठेचें काम समजलें जाई, हें यावरून दिसून येतें.

तटबंदी सुरक्षित झाल्यावर निरनिराळ्या पंथांचे साधु आले आणि त्यांच्याबरोबर मंदिरें आलीं. सेंट फ्रांसिस यांच्या नांवाचें मंदिर १५९३ मधलें, सेंट थॉमस यांचें १५९८ मधलें आणि सेंट पॉल यांचें १६१० मध्यें पुरें झालेलें. तिन्ही एकाच गांवांत, एकमेकांपासून फार दूर नव्हेत. तिघांच्याहि भिंती चुन्यानें शुभ्र केलेल्या. पाहणाऱ्याला वाटावें कीं हीं तिघें भाऊ एकत्र कुटुंबांतच नांदत आहेत. पण आंत गेल्यावर कळून येतें कीं प्रत्येकाचा संसार निराळा आहे.

या ठिकाणीं एक कडू गोष्ट आधींच सांगून टाकलेली बरी. पोर्तुगीजांच्या राज्यांतील ख्रिस्तमंदिरांचें नांव काढलें कीं आपल्या मनांत पहिली आठवण येते ती सोळाव्या शतकांत गोव्यांत पाडलेल्या देवळांची, आणि देव घेऊन रातोरात खाडी ओलांडणाऱ्या आपल्या पूर्वजांची. ती आठवण खोटी नाहीं व ती विसरावी असें कोणी म्हणणार नाहीं. पण ज्यांनीं तें केलें ते कधींच मातीला मिळाले. त्यांच्यामागें ज्या वास्तु राहिल्या त्यांचे दगड येथलेच, गवंडीहि येथलेच, आणि त्यांत पिढ्यान् पिढ्या गुडघे टेकणारीं माणसेंहि पुष्कळशीं येथलींच. तेव्हां वास्तूकडे पाहतांना रागाचा चष्मा क्षणभर उतरून ठेवण्यास हरकत नसावी.

तीन भावांपैकीं सेंट पॉलचें मंदिर सर्वांत देखणें. तें जेझुइट साधूंनीं बांधिलें. त्याच्या दर्शनी भिंतीवर दगडांतील वेलबुट्टी आहे, शिंपल्यांच्या आकृति आहेत, आणि आंत लांकडावरचें कोरीव काम आहे. नकाशा युरोपांतला; पण छिनी धरणारा हात गुजराथी, हें जाणत्याच्या लक्षांत येतें. १७५९ मध्यें पोर्तुगालच्या राजानें आपल्या साऱ्या मुलुखांतून जेझुइटांना हद्दपार केलें. मालक गेले, तरी मंदिराला भक्त उरले. आजहि तेथें उपासना चालते. हें पहिलें उत्तर, आणि सर्वांत सोपें: माणसें थोडीं राहिलीं तरी त्यांनीं दिवा विझूं दिला नाहीं.

परंतु तिन्ही मंदिरांत दिवा लावण्याइतकीं माणसें गांवांत राहिलीं नाहींत. दीवची भरभराट फार काळ टिकली नाहीं. १६६८ मध्यें मस्कतच्या अरबांनीं बेट लुटलें. व्यापार सुरत-मुंबईकडे वळला. दीवचे वाणी मोझांबिकशीं कापडाचा व हस्तिदंताचा व्यवहार करीत राहिले, म्हणून गांव तगलें. पण पूर्वींचें वैभव गेलें तें गेलेंच. त्यांतच १८३४ च्या मे महिन्यांत पोर्तुगालमध्यें यादवी युद्ध संपल्यावर तेथील नव्या सरकारनें पुरुष साधूंचे सर्व पंथ एका हुकुमानें मोडून टाकले आणि त्यांच्या मठांची मालकी सरकारकडे घेतली. ज्या मंत्र्यानें हा हुकूम काढला त्याला लोकांनीं 'साधूंचा काळ' अशा अर्थाचें टोपणनांव दिलें. पुढच्याच वर्षीं हिंदुस्थानांतील पोर्तुगीज मुलुखांतहि या हुकुमाची अंमलबजावणी झाली. एका सहीनें शेंकडों वर्षांचे मठ ओस पडले. चर्चें बांधणाऱ्या राज्यानेंच चर्चें रिकामीं केलीं, हा इतिहासाचा विचित्र न्याय!

रिकाम्या वास्तूचें पुढें काय होतें, याचा दाखला गोव्यांत पाहावयास सांपडतो. जुन्या गोव्याच्या टेकडीवर ऑगस्टिनियन साधूंचें प्रचंड मंदिर होतें. त्याचा मनोरा सुमारें ४६ मीटर उंच. १८३५ मध्यें साधु गेले. १८४२ मध्यें छत कोसळलें. म्हणजे दोनशेंहून अधिक वर्षें उभी असलेली इमारत माणसांवांचून सातच पावसाळे टिकली! पुढें १९३१ मध्यें दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. उरलेला अर्धा आज आकाशांत बोट दाखवीत उभा आहे. याचें कारण शापांत किंवा दैवांत शोधावयास नको. जांभा दगड पाणी पितो. त्यावरचा चुन्याचा गिलावा हीच त्याची छत्री. पावसाळ्याच्या अलीकडे पलीकडे कोणीतरी घमेलें घेऊन शिडीवर चढलें पाहिजे, फट बुजविली पाहिजे, पिंपळाचें रोप उपटलें पाहिजे. हें काम करणारा हात गेला कीं पाणी आंत शिरतें, लांकूड कुजतें, मुळें दगड फोडतात. ज्यांनीं कोंकणांतील बंद घर पाहिलें आहे त्यांना हें अधिक सांगावयास नको.

याच्या शेजारींच सांता मोनिकाचा मठ आहे. तो जोगिणींचा. १८३४ च्या हुकुमानें स्त्रियांचे मठ तत्काळ बंद केले नाहींत. नवीन जोगीण घ्यावयाची नाहीं आणि असलेल्या मरतील तेव्हां मठ संपेल, असा त्याचा मतलब होता. एके काळीं भरलेल्या त्या वाड्यांत जोगिणी एकेक करून कमी होत गेल्या. शेवटची १८८५ मध्यें वारली. ओस पडत चाललेल्या एवढ्या थोरल्या वास्तूंत ती एकटी बाई संध्याकाळीं कशी वावरत असेल, ही कल्पना मनाला चटका लावते. पण मठाला मात्र पुढें वस्ति मिळाली. कांहीं काळ तेथें पोर्तुगीज फौज राहिली, १९६४ पासून जोगिणींच्या शिक्षणाची संस्था आली, आणि २००२ पासून त्याच्या एका भागांत ख्रिस्ती कलेचें संग्रहालय आहे. एकाच टेकडीवर दोन वास्तु: एक रिकामी राहिली ती पडली, दुसरींत कोणी ना कोणी राहत गेलें म्हणून ती उभी राहिली.

आतां दीवकडे परत वळूं. तेथील सेंट फ्रांसिसचें मंदिर उंचवट्यावर आहे. पायऱ्या चढून जावें लागतें. या मंदिराच्या वास्तूंत पुढें रुग्णालय आलें. विचार केला तर यांत विसंगत असें कांहीं नाहीं. फ्रांसिस्कन मठांची रचनाच अशी असते कीं मध्यें मोकळा चौक, भोंवतीं ओवऱ्या, उंच छतें, जाड भिंती. वारा खेळतो आणि ऊन आंत येत नाहीं. रोग्याला याहून अधिक काय हवें? शिवाय ज्या साधूंच्या नांवें हें मंदिर, त्या असिसीच्या फ्रांसिस यांनीं महारोग्यांची सेवा हीच आपल्या नव्या आयुष्याची सुरुवात मानली होती. प्रार्थनेच्या जागीं औषधपाणी आलें म्हणून त्यांचा आत्मा रुसला असेल असें वाटत नाहीं. हें दुसरें उत्तर: देवाची सेवा थांबली, माणसांची सुरू झाली.

तिसरें उत्तर मात्र अधिक नाजूक आहे, आणि मला स्वतःला तेंच अधिक भावलें. सेंट थॉमसच्या मंदिरांत आज दीवचें संग्रहालय आहे. बेटावरील ठिकठिकाणच्या जुन्या लांकडी मूर्ति, वेदींचें कोरीव काम, शिलालेख तेथें आणून ठेवलेले आहेत. कोणाचा रंग उडालेला, कोणाचा हात गेलेला, कोणाचें नांव काळाच्या ओघांत नाहींसें झालेलें. त्या संतांच्या मेळाव्यांत उभें राहिलें कीं एखाद्या जुन्या घराण्याच्या दिवाणखान्यांतील पूर्वजांच्या तसबिरींपुढें उभें राहिल्यासारखें वाटावें.

हे थॉमस म्हणजे ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकीं एक. हिंदुस्थानांत आले अशी ज्यांच्याविषयीं परंपरा आहे तेच. यांची एक जुनी आख्यायिका आहे. गोंडोफर्नीस नांवाच्या राजानें त्यांना राजवाडा बांधण्यासाठीं पैसे दिले. त्यांनीं ते गोरगरिबांना वांटून टाकले आणि विचारतांच सांगितलें कीं, राजवाडा स्वर्गांत बांधून तयार आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, गोंडोफर्नीस राजा मात्र खरा. त्याचीं नाणीं सांपडलीं आहेत. या कथेमुळेंच थॉमस हे युरोपांत गवंड्यांचे व वास्तुशिल्पींचे कैवारी संत ठरले. दगडाच्या वाड्यापेक्षां माणसें मोठीं, असें सांगणाऱ्या संताच्या नांवाची वास्तु आतां साऱ्यांना मोकळी झाली आहे, हा योगायोग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

पण नाजूकपणा आहे तो पुढेंच. दरवर्षीं १ नोव्हेंबरला संग्रहालय पुन्हा मंदिर होतें. त्या दिवशीं ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण असतो. दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे २ नोव्हेंबरला, ते आपल्या साऱ्या मृतांसाठीं प्रार्थना करतात. आपल्या सर्वपित्री अमावास्येची आठवण व्हावी असाच तो दिवस. बेटावर ख्रिस्ती कुटुंबें आतां अगदीं थोडीं आहेत; कित्येक घराणीं बाहेरदेशीं गेलेलीं आहेत. तरी त्या दिवशीं मंदिर माणसांनीं भरतें आणि त्या जुन्या संतांच्या साक्षीनें पूजा होते. तीनशें चौसष्ट दिवस त्या मूर्ति पाहण्याच्या वस्तु असतात. एक दिवस त्या पुन्हा देवघरांतल्या होतात.

या व्यवहाराचें मर्म कॅथॉलिक धर्मशास्त्रांतहि सांपडतें. त्यांच्या १९८३ सालच्या संहितेंत १२२२ वें कलम आहे. एखादें मंदिर उपासनेसाठीं वापरतां येईनासें झालें आणि दुरुस्त करणेंहि शक्य नसलें, तर बिशपानें तें लौकिक उपयोगासाठीं मोकळें करावें अशी त्यांत मुभा आहे. मात्र तो उपयोग हीन असतां कामा नये, अशी अट आहे. दुसऱ्या एका कलमाप्रमाणें मंदिर लौकिक झालें म्हणून आंतील वेदीचें पावित्र्य संपत नाहीं. आपल्याकडेहि जीर्णोद्धाराच्या वेळीं मूर्तींतील देवत्व विधिपूर्वक कलशांत घेतात, आणि मगच दगडाला हात लावतात. दोन्हीकडील शहाणपण एकच आहे. जागा बदलावी लागते. पण ती बदलण्याची एक रीत असते, आणि त्या रीतींत गेलेल्यांचा मान राखलेला असतो.

वसईचें नशीब वेगळें झालें असें वर म्हटलें, तें येथें सांगितलें पाहिजे. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. किल्ल्याबाहेरच्या गांवांत ख्रिस्ती वस्ति राहिली, तेथील मंदिरांत आजहि प्रार्थना चालते, आणि ती वस्ति आपल्याच भाषेच्या बोली बोलते. पण किल्ल्याच्या आंतील नगर उठलें तें पुन्हा वसलें नाहीं. तेथील भव्य मंदिरांपैकीं बहुतेकांना आज छत नाहीं. कमानींतून आकाश दिसतें. मात्र तेथील घंटा वांचल्या! विजयी सैन्यानें त्या उतरवून देवळांना वाहिल्या. नाशिकच्या गोदाकांठची १७४७ मधल्या देवळावरील नारोशंकराची घंटा वसईचीच असें सांगतात. तिच्यावर १७२१ साल आहे. नाना फडणिसांच्या मेणवलीस कृष्णेच्या घाटावर टांगलेली घंटा १७०७ मधली असून तिच्यावर बालख्रिस्तासह मेरीमातेचें चित्र आहे. कित्येक पिढ्या आपल्या आज्यापणज्यांनीं ती घंटा वाजवून महादेवाचें दर्शन घेतलें, आणि त्यांत त्यांना कांहीं वावगें वाटलें नाहीं. वास्तूंत कोणी उरलें नाहीं म्हणून ती ढासळली. घंटा रोज कोणीतरी वाजवीत राहिलें म्हणून ती राहिली.

तेव्हां दीवच्या तीन मंदिरांपासून बोध घ्यावयाचा तो हा कीं, वास्तूचें खरें रक्षण तिच्या वापरानें होतें, कुलुपानें होत नाहीं. अर्थात् दीवला गोव्याच्या मानानें पाऊस फारच थोडा, हेंहि तेथील इमारती टिकण्याचें एक कारण आहे. तें सोडून बोलणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. तसेंच या बदलांत कांहीं गमावलें जात नाहीं असेंहि नाहीं. ज्या मूर्तीपुढें आजीनें नवस बोलला ती मूर्ति क्रमांकाची चिठ्ठी लावून ठेवलेली पाहतांना नातवाला काय वाटत असेल, तें आपण ओळखूं शकतों. आपल्या देवघरांतील बाळकृष्ण असा कांचेआड बसला तर आपल्याला गोड वाटेल काय? म्हणूनच वर्षांतला तो एक दिवस मोलाचा. त्या एका दिवसानें इतर दिवसांची टोंचणी थोडी कमी होते. नाहींशी होत नाहीं.

आमच्या वाड्याचा निकाल अखेर गुढीपाडव्याला लागला. ओसरी व सोपा वाचनालयाला द्यावयाचा. पावसाळ्यापूर्वीं कौलें दरसाल वाचनालयानें शाकारून घ्यावयाचीं. माजघर व देवघर घरचेंच राहावयाचें. चंपाषष्ठीचा कुलाचार साऱ्यांनीं तेथेंच जमून करावयाचा, आणि त्या दिवशीं वाचनालय बंद. थोरल्या काकांना हें अजून पुरतें पटलेलें नाहीं, आणि त्यांना तें पटावें अशी सक्तीहि कोणी केलेली नाहीं. चावी हा शब्दच मुळीं आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. देवघराची चावी काकूंनीं आपल्या कमरेला लावली आहे. वाचनालयाची पोरें संध्याकाळीं दिवे लावतात तेव्हां देवघरांतलाहि लावतात, असें परवांच्या पत्रांत आलें आहे. काकूंनीं तें पत्र दोनदां वाचून घेतलें.